मुख्याध्यापकाची निवड आणि समाजाच्या शाळा

महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाच्या शिक्षणाची चर्चा बहुधा मदरशांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मात्र असे दाखवून दिले होते की, शालेय वयातील मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मुले मदरशात, म्हणजे पूर्णवेळ धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थेत, शिकतात. आणि शाळेत जाणारी मुले सकाळ-संध्याकाळ तासभर जेथे कुराणपठण शिकतात त्या मकतबालाच मदरसा समजले गेल्यामुळे लोकांच्या मनातील आकडा फुगतो. म्हणूनच समाजाच्या ट्रस्टांनी उभारलेल्या आणि शासनमान्य अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांचा कारभार हा विषय चर्चेला घेणे योग्य ठरते.

या शाळांची परंपरा मोठी आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, तर कोल्हापुरात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद राजर्षी शाहू महाराजांनी स्वतःकडे घेतले. आधुनिक विद्या समाजाच्या देखरेखीखाली आणि समाजाच्या पैशावर मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे, ही या प्रयत्नांमागची धारणा होती. देखरेख करणाऱ्यांवर देखरेख कोणी करावी, हा प्रश्न पुढे संस्था वाढल्या आणि अनुदान आले तेव्हा उभा राहिला.

संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि त्यांचा कारभार चालवण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच, केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना, या हक्कात गैरकारभाराचा हक्क समाविष्ट होत नाही हे स्पष्ट केले. महाराष्ट्रात हा हक्क एका पदापाशी विशेष ठळकपणे दिसतो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियमन करणाऱ्या १९७७ च्या अधिनियमाने अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची, तसेच व्यवस्थापनाने कळवलेल्या आणखी तिघांपर्यंत कर्मचाऱ्यांची भरती आपल्या तरतुदींबाहेर ठेवली आहे. इतर अनुदानित शाळांसाठी शिक्षकभरती ज्या ‘पवित्र’ संगणकीय प्रणालीतून होते, तिच्याबाहेरही या संस्था आहेत. शिक्षणहक्क कायद्यात पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांत ती केवळ सल्लागार ठरली, आणि २०१४ मध्ये घटनापीठाने हा संपूर्ण कायदाच त्यांना लागू नसल्याचा निर्णय दिला. याचा एकत्रित अर्थ असा की, मुख्याध्यापक कोण होणार हे ठरवण्याचे इतके मोठे स्वातंत्र्य राज्यातील अन्य कोणत्याही अनुदानित शाळेच्या चालकांना नाही.

हे स्वातंत्र्य कशासाठी वापरले गेले, यावरच या शाळांची गुणवत्ता पारखली पाहिजे. शोध घेऊन, मुलाखती घेऊन, वेळप्रसंगी बाहेरून माणूस आणून ज्यांनी प्रमुख नेमला आणि नंतर त्याच्या वेळापत्रकात हात घातला नाही, अशा संस्था राज्यात आहेत आणि त्यांच्या वर्गांत शिरताच तो फरक जाणवतो. परंतु नात्यातला, मोहल्ल्यातला किंवा विश्वस्तांच्या एका गटाला सोयीचा माणूस त्या खुर्चीवर बसवला जातो, तेव्हा त्याचा दिवस शिक्षकांच्या पाठांचे निरीक्षण करण्यात न जाता पदाधिकाऱ्यांचे निरोप पोहोचवण्यात जातो. त्यात ट्रस्टची निवडणूक वादग्रस्त ठरून नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याच्या नोंदीचा अर्ज, धर्मादाय आयुक्तांकडे अडकला, तर सही कोणाची चालते हेच निश्चित नसल्यामुळे प्रयोगशाळेची खरेदीसुद्धा खोळंबते. नेमणुकीसाठी ‘देणगी’ घेण्याची कुप्रथा राज्यातील सर्व समाजांच्या संस्थांत असल्याचे बोलले जाते. ज्या समाजात विश्वस्तपदाला अमानत, म्हणजे ईश्वराला जबाब द्यावा लागेल अशी सोपवलेली ठेव, मानले जाते, तेथे ती अधिकच अक्षम्य आहे.

दीनी तालीम, म्हणजे धार्मिक शिक्षण, हा या शाळांच्या स्थापनेमागील एक न्याय्य हेतू आहे. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत ते पालकांच्या संमतीनेच देता येते, असे अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो. अडचण तत्त्वाची नसून व्यवस्थेची आहे: हे विषय शिकवणारा उस्ताद अनुदानाच्या बाहेर, चंद्यातून मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर राबतो, त्याला अध्यापनाचे प्रशिक्षण मिळत नाही, आणि त्याच्या तासिका बसवताना गणिताला किंवा मराठीला कात्री लागते. उर्दू माध्यमाच्या मुलांना पुढे महाविद्यालयात, न्यायालयात, पोलीस भरतीत आणि तलाठी कार्यालयात मराठीतच व्यवहार करावा लागणार असताना मराठीची तासिका कापणे हे त्या मुलांचे थेट नुकसान आहे.

नेमणुकीचे स्वातंत्र्य कायम असेच राहील असेही नाही: पश्चिम बंगालने अनुदानित मदरशांतील शिक्षकांच्या निवडीसाठी २००८ च्या कायद्याने आयोग नेमला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो वैध ठरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका ट्रस्टच्या अपिलात शिक्षक पात्रता परीक्षेचा प्रश्न निघाला असता, द्विसदस्य पीठाने २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मुद्दा मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल काहीही लागो, संस्थाचालकांनी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकपदाची जाहिरात उर्दू आणि मराठी वृत्तपत्रांत देणे, निवड समितीत संस्थेबाहेरचे किमान दोन शिक्षणतज्ज्ञ घेणे, उमेदवाराच्या विश्वस्त नातलगाला बैठकीबाहेर ठेवणे, आणि पालकांची समिती, तिच्यातील मातांसह, कायद्याची सक्ती नसतानाही नेमून तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवणे, यांपैकी कशालाही शासनाची परवानगी लागत नाही. शूरा, म्हणजे सामूहिक निर्णयाआधीची मसलत, ज्या धर्मपरंपरेने कर्तव्य मानली, त्या परंपरेच्या शाळांत मुलांच्या आईवडिलांना पहिल्यांदा विचारले जाण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची गरज पडू नये.