नाव तेच, सूर दुसरा



वेदान्तापासून धरणांपर्यंत नाना विषय आपण या व्यासपीठावरून ऐकले आहेत. आज एका कामगार कार्यकर्त्याने रॉक संगीतावर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. संगीताचे तेवढेही नाही. पण आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी तरुण पोरे जमतात आणि बोनसचा विषय संपला की 'ब्लॅक सॅबथ' नावाच्या इंग्लिश बँडवरून हमरीतुमरीवर येतात. पहिल्या सहा तबकड्या काय त्या खऱ्या, पुढचे सगळे पाणी, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, खरे गाणे १९८० साली सुरू झाले. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की हा वाद मला चांगला परिचयाचा आहे. संघटना ज्यांनी उभी केली त्यांची, की नावाची पाटी ज्याच्या हाती त्याची? म्हणून मी जरा खोलात गेलो.

बर्मिंगहॅम हे लोखंडाचे, पत्र्याचे, मोटारींचे शहर. तेथील अ‍ॅस्टन भागातली ही चार कष्टकरी घरांतली पोरे. गायक ऑझी ऑस्बोर्न याने कत्तलखान्यात काम केले, मोटारींचे भोंगे तपासण्याचेही केले. गिटार वाजविणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने नोकरी सोडावयाची ठरविली. शेवटच्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही. म्हणून ज्या यंत्रावर त्याने कधी काम केले नव्हते त्यावर त्याला उभे केले गेले. प्रेस खाली आला, त्याने हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, तेव्हा तारा दाबावयाचा हात नेमका हाच.

प्रेस-शॉपमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. बदली माणूस, अनोळखी यंत्र आणि घाई, या तिघांनी मिळून किती बोटे खाल्ली याची गणती मी ठेवली असती तर आज दुसरेच व्याख्यान झाले असते. असो. वरिष्ठाने या पोराला जँगो राइनहार्ट याची तबकडी आणून दिली. राइनहार्टच्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाली होती, तरी तो थोर गिटारवादक ठरला. आयोमीने साबणाच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर कातडे लावले, आणि गिटारला बँजोच्या बारीक तारा चढविल्या.

त्यांची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. ध्वनिमुद्रण जवळजवळ एका दिवसात उरकलेले. त्याच वर्षी 'पॅरानॉइड' आली आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. १९७१ च्या तिसऱ्या तबकडीत आयोमीने बऱ्याच गाण्यांसाठी गिटारची पट्टी उतरविली. पेटीवर मोजाल तर तीन पट्ट्या खाली. तार ढिली झाली की दुखऱ्या बोटाला कमी जोर लागतो. सोय म्हणून केलेल्या या गोष्टीने आवाज जड, काळाकुट्ट झाला, आणि पुढे जगभरच्या हेवी मेटलवाल्यांनी तोच उचलला. कारखान्यांच्या घणांचा आवाज त्यांच्या संगीतात उतरला, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. ते ऐकावयास गोड लागते. पण घणांचा आवाज बर्मिंगहॅममधल्या लाखो कानांवर पडत होता. मला त्या दोन बोटांचे कारण अधिक पटते.

आता चाहत्यांची तक्रार. ते म्हणतात, १९७५ नंतर सूर बिघडला. १९७५ च्या 'सॅबोटाज'च्या वेळी या मंडळींचे जुन्या व्यवस्थापकाशी कोर्टकज्जे चालू होते. लाखांनी तबकड्या खपल्या, आणि हिशेब मागावयास वकील लावावा लागला. अशा मनःस्थितीतून राग निघतो, आणि तो त्या तबकडीत ऐकू येतो. राग ओसरल्यावर उरतो तो थकवा. १९७६ आणि १९७८ च्या तबकड्यांत मला तो थकवा ऐकू येतो. त्यात दारू आणि अमली पदार्थांची भर. सूर बदलला तो हौसेने बदलला की माणसे मोडली म्हणून बदलला, एवढे तरी श्रोत्याने पाहावयास नको काय?

१९७९ साली ऑझीला काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' निघाली. येथे मात्र फरक खरोखर संगीताचा आहे. ऑझीचा गळा पुष्कळदा गिटारच्या स्वरांवरूनच चाले, गाडीच्या चाकोरीतून दुसरी गाडी जावी तसा. डिओ चाकोरी सोडून गाई. गिटार खाली एक सांगते आहे आणि तो वर दुसरे बांधतो आहे. त्यामुळे आयोमीलाही निराळ्या रचना सुचू लागल्या. मला ही तबकडी आवडते, हे मी आमच्या जुन्या पक्षाच्या पोरांसमोर बोलतो तेव्हा जरा दबूनच बोलतो!

पुढे माणसे इतकी आली-गेली की नावे सांगत बसलो तर घंटा होईल. टोनी मार्टिन या गायकाने १९८७ ते १९९५ या काळात पाच तबकड्या गायिल्या, तरी त्याचे नाव बाहेर फार थोड्यांना ठाऊक. मूळचा राहिला एक आयोमी, आणि पाटी मात्र तीच. २००९ साली ऑझीने या नावाच्या मालकीसाठी आयोमीवर दावा लावला. पुढल्या वर्षी तडजोड झाली.

आणि ढोल वाजविणारा बिल वॉर्ड. २०१२ मध्ये जुने चौघे पुन्हा एकत्र येणार असे ठरत असता त्याने जाहीर केले की, सही करण्याजोगा करार पुढे ठेवलात तरच मी येईन. तसा करार आला नाही. २०१३ ची तबकडी वॉर्डशिवाय निघाली, आणि 'पॅरानॉइड'नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. निर्मात्याने मंडळींना १९७० ची पहिली तबकडी पुन्हा ऐकावयास लावली होती, जुना सूर सापडावा म्हणून! तो सूर ज्याच्या हाताने अर्धा घडला, तो माणूस घरी बसलेला. चाहत्यांपैकी काहींनी वॉर्डला हट्टी म्हटले. वाईट करारावर सही न करणाऱ्याला हट्टी म्हणण्याची पद्धत मला नवी नाही. त्या तबकडीत मला ढोल नेटके वाटले; पण वॉर्डचे डुलणे, मागेपुढे रेंगाळणे त्यात नाही.

५ जुलै २०२५ रोजी अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजवावयास उभे राहिले. सगळे पंचाहत्तरी उलटलेले. ऑझी तर कंपवातामुळे सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. या वेळी ढोलांवर वॉर्ड होता. चार गाणी झाली, आणि चारही १९७० सालची. १९८० चे एकही नाही, मार्टिनच्या पाच तबकड्यांतले तर नाहीच. त्या दिवसाचा नफा रुग्णालय, मुलांचे शुश्रूषागृह आणि कंपवातावरील संशोधन यांना द्यावयाचा होता. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी वारला. मैदानावर डिओचे एखादे तरी गाणे व्हावयास हवे होते की नाही, यावर चाहत्यांचे अद्याप एकमत नाही.