दारावरचे अळू
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंगतीत अळूचे फदफदे नसले की कार्य उणे वाटते, आणि ‘इकडे अळू कुठले मिळायला?’ हा उसासा तर ठरलेलाच. वस्तुतः अळू रोज दारावरून जाते. दिल्लीतील अरवी, लखनौ-कानपूरकडील घुइयाँ, बंगालातील मुखी कोचू ही सारी आपली अळकुडीच होय.

कोंब धरलेल्या चार अळकुड्या फाल्गुन-चैत्रात चार बोटे खोल लावाव्यात. ओल मोडू देऊ नये. पूर्वी परसात मोरीच्या पाण्यावर अळू पोसे. हल्लीचे साबणाचे पाणी मात्र मला त्यास योग्य वाटत नाही. कडाक्याच्या थंडीत पाने जळतात, तरी कंद मातीखाली तग धरतो आणि उन्हाळा लागताच पुन्हा फुटतो. मोठे कंद उकडून खावेत, लहान पुन्हा लावावेत.

आता खाजेविषयी. पानात, देठात व कंदातही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात. म्हणून अळू कच्चे चाखू नये, पुरते शिजवावे. चिंच वा आमसूल हवेच. सर्वच वाणांचे पान सौम्य नसते. पहिल्या खेपेस थोडीच भाजी करावी. वडीचे काळ्या देठाचे अळू हवे असल्यास गावाहून पाने आणू नयेत, गड्डा आणावा. तो प्रवासात टिकतो.

इथे वाढलेल्या आपल्या मुलांनी हे झाड पाहिलेलेही नाही. मंडळाच्या आवारात नळाशेजारी हातभर ओली जागा रिकामी आहे.