हसविणाऱ्यांचे ऋण



समाजवादी चळवळीत विनोदाकडे पाहण्याची एक दुटप्पी रीत रूढ आहे. माणसे जमविण्यासाठी कलापथकाचा सोंगाड्या हवा असतो. सभा भरली की त्याला मंचामागे धाडून ‘गंभीर’ कार्यास प्रारंभ होतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिले, निळू फुले आणि दादा कोंडके सेवा दलाच्याच कलापथकातून पुढे आले, हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. परंतु हसविणाऱ्या नटाची कारकीर्द हा विचाराचा विषय आहे, असे क्वचितच मानले जाते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन रंगकर्मींच्या निमित्ताने तो विचार करणे उचित ठरेल.

पहिले मधुकर तोरडमल. जन्म १९३२चा. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापिलेल्या अहमदनगर महाविद्यालयात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. स्थिर नोकरी सोडून ते व्यावसायिक रंगभूमीवर गेले आणि नाटककार, दिग्दर्शक व नट अशा तिन्ही नात्यांनी तेथे वावरले. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ हे त्यांचे प्रहसन महाविद्यालयीन जीवनावरचे. त्याच्या प्रयोगांची संख्या हजारांत मोजली गेली. त्यातील प्राध्यापक बारटक्क्यांची लकब महाराष्ट्राच्या बोलण्यात शिरली: शब्द आठवला नाही की ‘ह’ची बाराखडी सुरू! गाळलेली जागा प्रेक्षक भरीत असे आणि स्वतःच्याच उत्तराला हसत असे.

या युक्तीत वक्त्यांनी शिकण्याजोगे काही आहे. विनोदी नट प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास टाकतो. अर्धे वाक्य त्याच्या हाती सोपवितो. चळवळीचा वक्ता मात्र प्रश्नही स्वतः विचारतो, उत्तरही स्वतःच देतो. श्रोत्याला मान डोलाविण्यापलीकडे काम उरत नाही. मग सभा पांगली की विचारही पांगतो, यात नवल ते काय?

अर्थात, या हास्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. गाळलेल्या जागी बहुतेकांना चावट शब्दच सुचतो, आणि चावटपणाचा भार बहुधा स्त्रीच्याच माथी येतो. हास्य स्वभावतः पुरोगामी नसते. ते प्रस्थापिताची टोपी उडवू शकते, तसेच दुबळ्याला टप्पलही मारू शकते. म्हणून विनोदाला नाक मुरडणे जितके चूक, तितकेच त्याला बिनशर्त शरण जाणेही चूक.

दुसरे सदाशिव अमरापूरकर. १९५० साली नगरात जन्मलेल्या या नटाला देशाने ओळखले ते ‘अर्धसत्य’ (१९८३) मधील रामा शेट्टीमुळे. पुढे त्यांनी हिंदी चित्रपटांत विनोदी भूमिकाही केल्या. ‘इश्क’ (१९९७) मध्ये तर गरीब-श्रीमंतांच्या सोयरिकीला धास्तावलेला धनिक बाप त्यांनी हास्यास्पद करून दाखविला. पण ‘अर्धसत्य’च्याच वर्षी त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ दिग्दर्शित केले होते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. समाजवादी नेत्याच्या घरात मुलीच्या आंतरजातीय विवाहाने ध्येयवादाचीच परीक्षा होते, असे ते नाटक. त्यावर वाद झाले आणि व्हायलाच हवे होते. ज्याच्याशी आपले जिव्हाळ्याचे नाते, त्यालाच आरसा दाखविण्याचे धैर्य त्या दिग्दर्शकापाशी होते.

या दोन्ही कारकिर्दींचा कार्यकर्त्याशी संबंध काय? उत्तर ‘सामाजिक कृतज्ञता निधी’च्या उभारणीत सापडते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे, यासाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, अमरापूरकर आदी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. नाटक निवडले ते क्रांतीचे नव्हे, निखळ विनोदी. लोक तिकीट काढून पोटभर हसले आणि त्या हास्यातून कुण्या आदिवासी पाड्यावर, कुण्या झोपडपट्टीत काम करणाऱ्याच्या चुलीला आधार मिळाला. चळवळ विनोदाची धनको नाही, ऋणको आहे!

हे ऋण फेडायचे कसे? पुतळे आणि पुरस्कार यांनी नव्हे. तोरडमल काय, अमरापूरकर काय, आकाशातून पडले नाहीत. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, १९५४ पासून चाललेली राज्य नाट्यस्पर्धा, दिवसभर कचेरीत वा वर्गात राबून रात्री तालीम करणारे हौशी संघ, अशी एक सार्वजनिक घडण असते, तीतून असे नट निपजतात. ही घडण बाजाराच्या हवाली झाली, सभागृहाचे भाडे शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या ऐपतीबाहेर गेले, तर जिल्ह्यातला पुढचा विनोदी नट जन्मण्यापूर्वीच विझेल. पाणी, रस्ता, दवाखाना यांसाठी नगरपालिकेवर मोर्चा नेणाऱ्यांनी तालमीच्या जागेचीही मागणी निवेदनात घालावी. ती चैनीची मागणी नव्हे.

अमरापूरकर २०१४ साली गेले, तोरडमल २०१७ साली. सत्तेला भिणारा समाज आधी कुजबुजतो, मग हसतो आणि हसता हसता भय टाकून देतो. त्या हसण्याची जागा राखणे हे कार्यकर्त्याचेच काम आहे. पुढच्या सभेत सोंगाड्याला मंचामागे धाडण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.