हाताला पडलेला विसर

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाभोवती घरची माणसे मोठ्या मायेने गोळा होतात. कोणी घास भरवितो, कोणी सदऱ्याच्या गुंड्या लावून देतो. उरलेली कामे त्याचा धड हात उरकतो. लुळा हात मात्र मांडीवर पडून राहतो. काही महिने लोटले, की तो आता असाच राहावयाचा, असे सारे घर ठरवून टाकते. परंतु या लुळेपणात मेंदूच्या इजेबरोबर सवयीचाही वाटा असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडल्या. माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. मात्र चांगला हात बांधून ठेवताच तो टाकून दिलेला हात पुढे आला! आरंभी प्रत्येक प्रयत्न फसला, म्हणून त्या प्राण्याने प्रयत्न न करण्याचाच धडा घेतला होता. टॉब यांनी या अवस्थेला ‘शिकलेला अनुपयोग’ मानले.

मेंदूच्या पृष्ठभागावर हाताच्या हालचालींचा एक प्रदेश असतो. १९९६ साली रँडॉल्फ नूडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या या प्रदेशात लहानशी इजा करून पाहिली. मग लहान लहान खळग्यांतून खाद्याच्या गोळ्या बोटांनी उचलण्याचा सराव त्यांच्याकडून करवून घेतला. सरावावाचून राहिलेल्या माकडांत इजेभोवतीचा निरोगी प्रदेशही हाताला पारखा झाला होता. सराव केलेल्यांत तो टिकला. काहींत तर पूर्वी कोपर व खांद्याकडे असलेल्या भागापर्यंत हाताचा अंमल पसरला. मेलेल्या पेशी परत आल्या नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांचे काम उचलले.

माणसांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीत झटक्यास ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा चढविण्यात आला आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास कामे करवून घेण्यात आली. वर्षभरानंतरही या गटाचा हात नेहमीचे उपचार मिळालेल्यांहून सरस होता.

हा उपाय सर्वांसाठी नव्हे. मनगट व बोटे थोडी तरी उघडता येत असतील, तरच त्याचा उपयोग. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत अतिरेकी व्यायाम अपायकारक ठरू शकतो. म्हणून त्याचे प्रमाण तज्ज्ञांनीच ठरवावे.

एरवी मात्र हाताला काम हवे. भाकरीचा तुकडा मोडावयास त्या हाताला पाच मिनिटे लागत असतील, तर तेवढी वाट पाहणे, हेच घरच्यांच्या वाट्याचे औषध होय.