जिलाबदरचा आदेश आणि न्यायालय

जिल्हादंडाधिकाऱ्याच्या एका लेखी आदेशाने माणसाला घरदार आणि कामधंदा सोडून जिल्ह्याबाहेर जावे लागते. महाराष्ट्रात या कारवाईला तडीपारी म्हणतात, छत्तीसगडात जिलाबदर. भिलाई दुर्ग जिल्ह्यात येत असल्याने इथला आदेश दुर्गहून निघतो. त्याला आधार राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० चा, आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, म्हणूनच हा अधिकार भलत्याच माणसावर वापरला जाण्याचा धोका मोठा आहे.

भिलाईने तो अनुभवला आहे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खासगी कारखान्यांतले कंत्राटी कामगार पोटापुरत्या पगारासाठी लढत असताना, १९९१ मध्ये, नियोगींना आधी जुन्या प्रकरणांत अटक झाली आणि मग त्यांच्यावर जिलाबदरची कारवाई सुरू झाली. उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला भिलाईतच त्यांची हत्या झाली. ज्याच्या जिवाला धोका होता, त्यालाच प्रशासनाने धोकादायक ठरवले होते.

निराधार आदेशाविरुद्धची लढाई नोटिशीच्या उत्तरापासून सुरू होते. आदेशापूर्वी आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवणे आणि म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. साक्षीदारांची नावे किंवा बारीक तपशील मात्र मागता येत नाहीत. पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे उत्तरात प्रत्येक गुन्ह्याची तारीख, त्याचा निकाल आणि निर्दोष सुटकेच्या निकालपत्राची प्रत द्यावी. ही कागदपत्रे सुनावणीतच दाखल झालेली असली, तर पुढे वरिष्ठ न्यायालयात त्यांचा खरा उपयोग होतो.

गुन्ह्यांच्या आधारे आदेश काढताना साक्षीदार भीतीपोटी उघड साक्ष द्यायला तयार नाहीत, असे दंडाधिकाऱ्याचे मत झालेले असावे लागते, आणि त्या मताला पुरावा लागतो. फिर्यादी पोलीसच असतील किंवा साक्षीदारांनी खटल्यात येऊन साक्ष दिली असेल, तर हा पाया ढासळतो. बहुतेक कमकुवत आदेश इथेच उघडे पडतात.

महाराष्ट्रातल्या तडीपारीबाबतचे निकालही इथे उपयोगी पडतात. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तडीपारी रद्द केली. जुने, शिळे गुन्हे आधाराला घेतले होते आणि कमाल मुदत का, याची कारणे दिली नव्हती. हा उपाय अपवादात्मक असून त्याने संचारस्वातंत्र्यावर गदा येते, उपजीविकाही जाऊ शकते, असे न्यायालयाने बजावले. त्याआधी, २०२१ मध्ये, अमरावतीच्या रहमत खान यांची तडीपारीही रद्द झाली होती. ते माहिती अधिकारातून गैरव्यवहारांचा पाठपुरावा करत होते.

आदेशावर राज्य शासनाकडे तीस दिवसांत अपील करता येते. पुढे बिलासपूरच्या उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका. अर्जासोबतच अंतरिम स्थगिती मागावी, कारण निकाल लागेपर्यंत वर्ष सरून जाऊ शकते. स्थगिती मिळेपर्यंत मात्र हद्दीबाहेरच राहावे लागते. आदेश कितीही चुकीचा वाटला, तरी परवानगीशिवाय परतणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.