बाळाचा चेहरा आणि दुर्बीण



ओठ फाटलेले मूल जन्माला आले की आपल्याकडे पहिला प्रश्न डॉक्टरला विचारीत नाहीत, आईला विचारतात : "ग्रहणात विळी हातात धरली होतीस का?" बिचारी बाळंतीण आधीच खचलेली, त्यात हा आरोप! म्हणून यंत्राविषयी बोलण्यापूर्वी हे किटाळ दूर केले पाहिजे. गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधतो. वरच्या ओठाचा सांधा पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. तोवर कित्येक बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. सुमारे सातशे जन्मांत एक, या प्रमाणात हा दोष जगभर आढळतो. ज्या मुलखात ग्रहण कोणी पाळीत नाही, तेथेही.

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने ते नवे घडविले, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकाने ती हकीकत सचित्र छापली. त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून पाहिला, मग तो कपाळावर पसरून भोवती रेघ मारली आणि त्या रेघेवरून कातडे सोडविले. आधी माप, मग शस्त्र. आजचा संगणक म्हणजे तेच मेण. फक्त तो हाडाच्या आतलेही माप देतो.

काही मुलांच्या नाकाच्या मागच्या दोन्ही वाटा जन्मतःच हाडाने बुजलेल्या असतात. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्यामुळे असे बाळ दूध पिताना निळे पडते, आणि रडू लागले, तोंड उघडले, की पुन्हा लाल होते. एरवी बाळ गप्प झाले की घर निर्धास्त होते. येथे गप्प होणे हेच भय! आता बारीक दुर्बीण नाकपुडीतून घालून ही वाट मोकळी करता येते. पण ज्याच्या चेहऱ्याची ठेवणच बिघडलेली आहे त्याच्या नाकातल्या खुणा नेहमीच्या जागी नसतात, आणि वर मेंदू अगदी जवळ. अशा वेळी सी. टी. स्कॅनवरून संगणक कवटीचे चित्र उभे करतो आणि हत्याराचे टोक या क्षणी कोठे आहे ते पडद्यावर दाखवितो. हात मात्र सर्जनचाच. डोके जरा सरकले तरी खूण चुकते, म्हणून तो ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पुनःपुन्हा पडताळा घेतो.

खरी अडचण वेळेची आहे. कवटीचे सांधे अकाली जुळून डोके वेडेवाकडे वाढू लागले, तर दुर्बिणीचे ऑपरेशन पहिल्या तीन-चार महिन्यांतच उत्तम साधते. पुढे काही महिने बाळाला मापाचे शिरस्त्राण घालावे लागते. उशीर झाला की मोठा छेद आणि मोठे ऑपरेशन. संगणकाची ही यंत्रे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असतात. फाटलेल्या ओठाला त्यांची गरजही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. पण त्या दिवशी तेच मूल घरात दडवून ठेवले, तर पथकाने काय पाहावे? आशाताई घरी येतील तेव्हा बाळाच्या तोंडावरचा पदर बाजूला करा आणि टाळूही दाखवा. ओठ धड असून आत टाळू फाटलेला असू शकतो. पाजलेले दूध नाकावाटे येऊ लागले म्हणजे तो ध्यानात येतो.