पथ्याआधी पचन



मधुमेह आणि स्थूलता यांच्यावर आपल्या आहारतज्ज्ञांच्या परिषदांमध्ये पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज मुद्दाम स्वादुपिंडाच्या कर्करोगाकडे वळतो. हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात कमी आढळतो, आणि कदाचित म्हणूनच त्याच्या आहारोपचाराची घडी आपल्याकडे नीट बसलेली नाही. रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचे वजन बरेच उतरलेले असते. त्याच्या हाती पथ्याचा तक्ता पडतो: तेल-तूप बंद, पेज, मुगाची खिचडी, नारळपाणी, परवडत असेल तर प्रोटीन पावडर. हा तक्ता चुकीच्या टोकापासून सुरू होतो, असे माझे म्हणणे आहे. ताटात काय वाढायचे हे नंतर. वाढलेले पचते का, हे या आजारात आधी विचारले पाहिजे. आणि ते विचारणे हे आपले काम आहे, एकट्या सर्जनचे नव्हे.

स्वादुपिंडाच्या शीर्षभागात गाठ झाली की बहुधा पाचकरस वाहून नेणारी नलिका दबते आणि स्निग्ध पदार्थ पचवणारे लायपेज हे एन्झाइम आतड्यात पोचत नाही. मग स्निग्ध पदार्थ न पचताच बाहेर पडतात: शौच फिकट, तेलकट, उग्र वासाचे, पाण्यावर तरंगणारे. पोट फुगते, जेवणानंतर कळ येते, आणि रुग्ण आपणहून खाणे कमी करतो. घरची मंडळी म्हणतात, तूप सोसत नाही. आपणही तूप बंद करतो, शौच सुधारते, सगळ्यांना बरे वाटते. वजन मात्र उतरतच राहते. लक्षण झाकले गेले, उपासमार तशीच राहिली. ग्रॅममागे 9 कॅलरी देणारा घटकच आपण ताटातून काढून टाकलेला असतो. युरोपीय मार्गदर्शनानुसार कर्करोगाच्या रुग्णाला दिवसाला किलोमागे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 1,250 ते 1,500 कॅलरी. भूक मेलेल्या माणसाने एवढ्या कॅलरी पेजेतून मिळवायच्या, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

यावरचा इलाज माहितीतला आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2018 साली सांगितले की शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांना आवरणयुक्त पॅन्क्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमच्या, कॅप्सूल द्याव्यात. 2021च्या ब्रिटिश मार्गदर्शनात सुरुवातीची मात्रा जेवणाबरोबर 50,000 युनिट लायपेज आणि मधल्या खाण्याबरोबर 25,000 युनिट अशी आहे. 10,000 युनिटची एकच कॅप्सूल जेवण उरकल्यावर घेतली तर ती घेतल्यासारखी नसते. पहिल्या घासाबरोबर सुरुवात, मोठे जेवण असेल तर मध्ये पुन्हा; गिळताना थंड पाणी, कारण गरम चहाने एन्झाइम निकामी होते. संध्याकाळचा चिवडा आणि पेलाभर दूध हेही खाणेच आहे, त्यांनाही कॅप्सूल लागते. औषध लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे कबूल. पण शौचाबद्दल विचारण्याचा, कॅप्सूल कधी आणि कशी घेतली जाते हे तपासण्याचा अधिकार आपल्याकडून कोणी काढून घेतलेला नाही.

आक्षेप घेणारे विचारतील, पुरावा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत 21 रुग्ण होते. आठ आठवड्यांत एन्झाइम घेणाऱ्यांचे वजन किंचित वाढले, इतरांचे घटले. 2016च्या कोरियातील चाचणीत 67 रुग्ण होते आणि वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. दुसरा निकाल बाजूला सारणे अप्रामाणिक ठरेल. पण या आजारात वजन दोन कारणांनी उतरते: अपचनाने आणि कॅकेक्सियाने. 2011च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार कॅकेक्सियातील स्नायूंची झीज नेहमीच्या पोषणाने पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून केवळ वजनाच्या काट्यावर एन्झाइमची परीक्षा घेणे मला पुरेसे वाटत नाही. अपचनाचा वाटा वेगळा काढून तो आधी दुरुस्त करावा, एवढाच माझा आग्रह आहे. उरलेल्या वाट्यापुढेही हात टेकण्याचे कारण नाही. पुदुच्चेरीच्या जिपमेरमधील 2023च्या चाचणीत जठर, यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्ग आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर रोज 2.5 मिलिग्रॅम ओलान्झापिन दिले. 60 टक्के रुग्णांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले. प्लासिबो गटात हे प्रमाण 9 टक्के होते. आपल्याच देशातला, स्वस्त औषधाचा हा पुरावा आपल्या चर्चांमध्ये फारसा का येत नाही, कोण जाणे. अर्थात अखेरच्या दिवसांत, भूक शरीरानेच सोडलेली असताना, आग्रहाने भरवणे हा उपचार नव्हे.

‘खायला घातले तर गाठच वाढेल’ ही भीती मोबाइलवरून घरोघरी पोचली आहे. उपासाने माणूस आधी खंगतो. कुपोषणाचा धोका असलेल्यांनी कॅलरी कमी करणारे आहार टाळावेत, असेच युरोपीय मार्गदर्शन आहे. याउलट एन्झाइमलाच कर्करोगाचा उपाय समजणारेही आहेत. त्यांनी 2010 साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील तुलना पाहावी: केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 14 महिने, तर भरमसाट एन्झाइम, विशिष्ट आहार आणि कॉफीचे एनिमा यांवर विसंबलेल्यांचे 4.3 महिने. एन्झाइम जेवण पचवते, गाठ नाही.

एक अडचण खास आपल्याकडची आहे, आणि ती टाळली जाते. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. जैन, माळकरी, मुसलमान कुटुंबांना हे न सांगता ती देणे मला मान्य नाही. नंतर कळले तर विश्वास जातो आणि औषधही. सांगितल्यावर अनेक घरे आपापल्या धर्मातील जाणत्यांना विचारून ती स्वीकारू शकतात. बाजारातल्या बुरशीजन्य पाचक गोळ्या त्याच ताकदीचा पर्याय म्हणून सिद्ध झालेल्या नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगावे. नकार आलाच तर थोडे-थोडे, वारंवार खाणे आणि लायपेजवर कमी अवलंबून असणारे एमसीटी तेल यांवर काम चालवावे लागते. मात्र तो नकार केसपेपरवर स्पष्ट लिहावा, म्हणजे पुढच्या भेटीत उतरलेले वजन पाहून कोणी नुसती प्रोटीन पावडर वाढवणार नाही.